पावसाळ्यात लेझरच्या काचा का जातात? ओलावा न धरणारं कोटिंग घ्यावं का?

रबाळेकर (धागाकर्ता) · ४ जुलै

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं शीट मेटल कटिंगचं छोटं युनिट आहे. ६ किलोवॉटचं फायबर लेझर, दोन पाळ्या. हिवाळ्यात एक कव्हर ग्लास (लेन्सच्या खाली ठिणग्या अडवणारी काच) आठवडाभर आरामात चालते. जूनची पहिली सर आली की तीच काच दोन दिवसांत जाते. दर वर्षीचं रडगाणं आहे, पण या शनिवारी कव्हर ग्लासच्या वरची फोकस लेन्ससुद्धा गेली. मध्यभागी तांदळाच्या दाण्याएवढा पांढुरका डाग पडलाय. त्याआधी दोन दिवस १० एमएम एसएस (स्टेनलेस स्टील) कापताना खालच्या कडेला बर (धातूची खरबरीत कोर) येत होती, आणि ऑपरेटर दर तासाला फोकस खाली घेत बसला होता.

सप्लायर म्हणतो, 'आता तुम्ही लो अ‍ॅब्सॉर्प्शन, मॉइश्चर रेझिस्टंट कोटिंगची लेन्स घ्या.' भाव साध्या लेन्सच्या अडीचपट. कोटिंगमध्ये ओलावा शिरतो हे खरं आहे का? की नुसतं विकायचं निमित्त? ठाणे-बेलापूर पट्ट्यात कुणी मशीन चालवत असेल तर अनुभव सांगा. लेन्सचे पैसे एकदा भरीन, दर जुलैत भरणं परवडत नाही.

पावणे_युनिट · ४ जुलै

आमच्याकडेही हेच. जुलै-ऑगस्टसाठी कव्हर ग्लासचा अख्खा डबा आधीच मागवून ठेवतो. वाचतोय.

चिलर_भाऊ · ४ जुलै

कोटिंगचं नंतर बघा. आधी सांगा, चिलर, म्हणजे मशीनला गार पाणी पुरवणारं युनिट, किती डिग्रीवर लावलाय?

गेली चौदा वर्षं ठाणे ते तळोजा चिलर दुरुस्त करत फिरतोय. मशीन बसवणारा माणूस डिसेंबरात येतो, २२ ला सेट करतो आणि निघून जातो. जुलैत शेडमध्ये हवा २८ डिग्री आणि आर्द्रता ८५ टक्के असली की दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन सुटते) २५ च्या वर असतो. ३० डिग्री आणि ९० टक्के झाली तर थेट २८. म्हणजे २२ डिग्रीचं पाणी ज्या ज्या धातूतून फिरतं, तो धातू फ्रिजमधल्या बाटलीसारखा घामेजतो. कटिंग हेड (लेन्स बसवलेला मशीनचा भाग) त्यातच आलं. काचेच्या कडेला पाणी सुटणार नाही तर काय होणार?

रबाळेकर · ४ जुलै

दादा, हेडचं सर्किट २४ ला आहे. सोर्सचं वेगळं. पण हेडला बाहेरून घाम फुटलेला मी तरी पाहिला नाही.

चिलर_भाऊ · ४ जुलै

पहाटे पहिली पाळी सुरू होताना बघा. रात्री मशीन बंद आणि चिलर चालू, असं असेल तर तेव्हा दिसेल. मॅन्युअलमध्ये जी वरची मर्यादा दिलीय, तिथपर्यंत पावसाळ्यात तापमान वाढवून ठेवा. त्या मर्यादेच्या वर मात्र नको.

थर_मोजणारा · ५ जुलै

चिलर_भाऊंचं बरोबर आहे, पण 'कोटिंगचं नंतर बघा' हे मला पटत नाही. मी अकरा वर्षं व्हॅक्यूम कोटिंगच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काचेवरचा थर दोन प्रकारे बसतो. जुनी आणि स्वस्त रीत म्हणजे इलेक्ट्रॉन बीमने पदार्थ तापवायचा, त्याची वाफ काचेवर जमू द्यायची. या वाफेच्या कणांकडे ताकद अगदी कमी असते, ०.१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. जिथे पडतात तिथेच चिकटतात. त्यामुळे थर सलग होत नाही, उसाच्या फडासारखे उभे खांब तयार होतात आणि खांबांमध्ये फटी राहतात. व्हॅक्यूममधून काच बाहेर काढली की आपल्याकडची हवा त्या फटींत शिरते आणि पाणी घेऊनच शिरते. ठाण्याच्या खाडीवरच्या हवेत पाण्याला काय तोटा!

दुसरी रीत आयन बीम स्पटरिंगची: आयनांच्या (विद्युतभारित कणांच्या) माऱ्याने पदार्थाचे कण उडवायचे. इथे कण साधारण शंभरपट ताकदीने येऊन आदळतात आणि थर घट्ट बसतो. या दोन्हींच्या मधली रीत म्हणजे वाफ जमत असतानाच वरून आयनांचा मारा करायचा, कोबा चोपून बसवतात तसा. घट्ट थरात फटीच नाहीत, मग ओलावा राहणार कुठे? म्हणून 'ओलावा न धरणारं' आणि 'कमी शोषणारं' ही दोन वर्णनं बहुतेक वेळा एकाच कोटिंगची असतात. चांगल्या आयन बीम थराचं शोषण काही पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) असतं, साध्याचं त्याच्या दहापट, कधी शंभर पीपीएमही.

आता हिशोब बघा. ६ किलोवॉटला १०० पीपीएम म्हणजे ०.६ वॉट. आकडा किरकोळ वाटतो, पण ही उष्णता काचेच्या मधोमध छोट्याशा ठिपक्यात जाते आणि फ्यूज्ड सिलिका (लेन्सची काच) उष्णता फार हळू वाहून नेते. मधला भाग तापला की त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचं माप) वाढतो आणि फोकस लेन्सकडे, म्हणजे वर सरकतो. तुमचा ऑपरेटर दर तासाला फोकस खाली घेत होता ना? लेन्स तेव्हाच सांगत होती.

ऐरोलीची_मीरा · ५ जुलै

मी एम.एस्सी. फिजिक्स करतेय. एक बाळबोध प्रश्न: हे कोटिंग म्हणजे चष्म्याच्या काचेवर हिरवट झाक दिसते तेच का? आणि ते नसलंच तर? कोटिंगच नाही तर ओलावा शिरायचा प्रश्नच मिटला.

थर_मोजणारा · ५ जुलै

मीरा, प्रश्न चांगला आहे. तत्त्व तेच. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात. कोटिंग नसेल तर फ्यूज्ड सिलिकाचं प्रत्येक पृष्ठ सुमारे ३.४ टक्के प्रकाश परत फेकतं. ६ किलोवॉटमधले २०० वॉट एका पृष्ठावरून उलटे हेडमध्ये! दोन्ही पृष्ठं मिळून ४०० च्या आसपास. हेडच्या आत आणखी काहीतरी जाळायला तेवढे पुरे. झिंक सेलेनाइडची (कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सीओटू लेझरच्या पिवळ्या लेन्सची) गोष्ट तर विचारूच नकोस, तिथे एकेका पृष्ठावरून १७ टक्के परत जातात.

वागळे_रोड१६ · ६ जुलै

झिंक सेलेनाइडचं नाव निघालं म्हणून लिहितोय. वागळे इस्टेटमध्ये आमच्याकडे अजून जुनं सीओटू मशीन चालतं, ४ किलोवॉट. पिवळी लेन्स. माझा अनुभव सरळ आहे: सीओटूला कोटिंगवर पैसे घालाच. साध्या लेन्सचं एकूण शोषण ०.२ टक्क्यांपर्यंत चालवून घेतात, म्हणजे ८ वॉट. कमी शोषणाचं कोटिंग असलं की ०.१३ च्या आसपास, म्हणजे ५ वॉटच्या थोडं वर. एवढ्या फरकाने जाड प्लेटवर फोकस किती हलतो ते मी रोज पाहिलंय. फायबरवाल्यांचे पीपीएम ऐकून आम्हाला हेवा वाटतो.

अवांतर: सीओटू लेझर १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये ज्यांनी शोधलं ते सी. कुमार पटेल आपल्या बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकले. नव्या पोराला मशीनवर उभं करताना ही गोष्ट मी आवर्जून सांगतो. त्याचा हात जरा जपून चालतो.

कळवा_लोकल · ६ जुलै

बारामतीचं माहीत नव्हतं! धागा वाचनखुणांत टाकला.

निवृत्त_पदार्थवैज्ञानिक · ७ जुलै

दोन्ही बाजू वाचल्या. एक गोष्ट वेगळी काढून पाहायला हवी, नाहीतर सीओटूचा अनुभव फायबरला लावला जाईल आणि रबाळेकरांचे पैसे चुकीच्या जागी जातील.

पाणी सगळ्या तरंगलांबींना सारखं शोषत नाही. सीओटूच्या १०.६ मायक्रॉनला ते चांगलंच शोषतं. पाण्याचा १ मायक्रॉनचा पापुद्रा त्या किरणातले पाच टक्क्यांहून जास्त खातो. फायबरच्या १.०७ मायक्रॉनला तोच पापुद्रा फक्त १०-२० पीपीएम खाईल. काही हजारपटींचा फरक आहे. कोटिंगच्या फटींतलं पाणी तर १ मायक्रॉनपेक्षा पुष्कळच कमी. तेव्हा वागळेंच्या लेन्सला ओलावा थेट तापवतो, हे खरं. रबाळेकरांच्या लेन्सला निव्वळ पाण्याने एवढा डाग पडणार नाही.

मग फायबरमध्ये ओलावा काय करतो? माझ्या मते तीन कामं. फटींमध्ये हवेऐवजी पाणी भरलं की थराचा अपवर्तनांक वाढतो आणि कोटिंगचा आलेख लांब तरंगलांबीकडे सरकतो, १०७० नॅनोमीटरला दहा-वीस नॅनोमीटर. साध्या अँटिरिफ्लेक्शन (परावर्तन रोखणाऱ्या) थराचा पट्टा रुंद असतो, तो हे सोसतो. अनेक थरांचे आरसे आणि फिल्टर सोसत नाहीत. दुसरं, थरातला ताण बदलतो आणि पकड कच्ची असेल तर कडेने पापुद्रे सुटतात. तिसरं काम सगळ्यात वाईट: दव काचेवर बसतं, हवेतली धूळ आणि तेलाचा अंश स्वतःत घेतं, आणि वाळताना सगळं एका जागी गोळा करून जातं. चहाचा ओला ग्लास टेबलावर ठेवल्यावर कड उमटते ना, तशी. त्या कडेवर ६ किलोवॉट पडले की काच जळते.

माझा प्रश्न: ती तेलकट घाण आली कुठून? कापायला नायट्रोजन वापरता की कॉम्प्रेसरची हवा?

चिलर_भाऊ · ७ जुलै

काका, हे भारी सांगितलंत. पाण्यापेक्षा पाण्याने आणलेली घाण. मान्य.

कॅमेरावेडी · ७ जुलै

मी लेझरमधली नाही, मुलुंडला राहते आणि पक्ष्यांचे फोटो काढते. ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला जाता जाता माझ्या टेलिफोटोला बुरशी लागली. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा. दुरुस्तीवाल्याने बुरशी काढली, पण तिने कोटिंगवर खुणा सोडल्या त्या कायमच्या. तेव्हापासून हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत आर्द्रतेचा छोटा काटा, ४५ टक्क्यांच्या आसपास. जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरायचं. आमची आजी मिठाच्या बरणीत तांदूळ टाकायची आणि पापडाचा डबा फडक्याने बांधायची, तोच प्रकार. तुम्ही लोक एवढ्या महागाच्या काचा ठेवता कुठे?

रबाळेकर · ८ जुलै

कॅमेरावेडी ताई, तुमचा प्रश्न वाचून मी ताडकन उठलो. आमच्या स्पेअर काचा माझ्या एसी केबिनच्या ड्रॉवरमध्ये असतात! केबिन २२ डिग्रीवर. काच जळाली की ऑपरेटर पळत येतो, गार काच उचलतो, शेडमध्ये पाकीट फोडतो आणि बसवतो. एसी गाडीतून उतरल्यावर चष्मा धुरकट होतो, तसंच तिचं होत असणार. आज पाकीट फोडून उजेडात धरली. पाच-सहा सेकंद काचेवर धुकं होतं. इतकी वर्षं हे कुणाच्या डोळ्यांना दिसलं नाही!

आणि काका, एसएसला नायट्रोजन आहे. ३ एमएमपर्यंतचं एमएस (साधं पोलाद) मात्र हवेवर कापतो. स्क्रू कॉम्प्रेसर, पुढे रेफ्रिजरेशन ड्रायर.

पावणे_युनिट · ८ जुलै

आमच्याही काचा एसी ऑफिसातच आहेत. आत्ता फोन करून सांगितलं, पाकीट न फोडता शेडमध्ये तासभर ठेवा आणि मगच उघडा.

निवृत्त_पदार्थवैज्ञानिक · ८ जुलै

पाकीट बंद ठेवूनच तापमान जुळू द्यायचं, हे अगदी योग्य. रेफ्रिजरेशन ड्रायर नीट चालत असेल तर दाबाखालच्या हवेचा दवबिंदू ३ डिग्रीपर्यंत येतो, तेवढं काम भागतं. पण पावसाळ्यात त्याच्यातून निघणारं पाणी फार असतं. त्याचा ऑटो ड्रेन (साठलेलं पाणी आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह) तपासा, आजच. फिल्टर कधी बदललेत तेही पाहा.

डोंबिवली_फास्ट_ट्रॅक · ९ जुलै

गाडीच्या काचेवर पाणी न टिकणारा स्प्रे मिळतो. मोबाइललाही नॅनो कोटिंग करून देतात. तो कव्हर ग्लासवर मारला तर?

थर_मोजणारा · ९ जुलै

कृपा करून मारू नका. ते सेंद्रिय पदार्थ असतात, सारखे पसरत नाहीत, किलोवॉटच्या किरणात जळतात आणि काच घेऊन जातात. लेन्स पुसायलासुद्धा आम्ही शुद्ध अ‍ॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल आणि लेन्स टिश्यू सोडून काही वापरत नाही. बोटाला रबरी टोपी, थेंब टाकायचा आणि टिश्यू एकदाच ओढायचा. तोच टिश्यू परत फिरवायचा नाही.

पाणी दूर ठेवणारी प्रक्रिया खऱ्या मोठ्या लेझरमध्ये असते, पण ती प्रयोगशाळेत होते. अमेरिकेत लिव्हरमोरला १९२ किरणांचं नॅशनल इग्निशन फॅसिलिटी आहे. तिथल्या लेन्सवर सोल-जेलने (द्रवातून थर बसवायच्या रीतीने) बसवलेले सिलिकाचे अगदी बारीक गोळ्यांचे थर असतात, मुद्दाम सच्छिद्र. सच्छिद्र असल्यामुळेच त्यांचा अपवर्तनांक खूप खाली येतो आणि प्रचंड शक्तीची स्पंदनं ते सोसतात. पण छिद्रं आली की बाहेरची वाफ शोषायची खोडही आली. म्हणून अशा थरांना हेक्सामिथिलडायसिलाझेनची वाफ देतात. छिद्रांच्या भिंतींवरचे पाणी ओढणारे हात त्याने झाकले जातात. तेव्हा 'सच्छिद्र म्हणजे वाईट' असं मी सरसकट म्हणणार नाही. रबाळ्याच्या शेडमध्ये मात्र घट्टच थर हवा.

ऐरोलीची_मीरा · ९ जुलै

'पाणी ओढणारे हात' म्हणजे सिलिकाच्या पृष्ठावरचे ओएच गट ना? हे आमच्या पुस्तकात एका ओळीत उरकलंय. इथे कळलं.

वागळे_रोड१६ · १० जुलै

सीओटूवाल्यांसाठी एक काळजीची गोष्ट. पिवळ्या लेन्सवरच्या कित्येक कोटिंगमध्ये थोरियम फ्लोराइडचा थर असतो. तो इन्फ्रारेडला कमी शोषतो आणि टिकाऊ असतो म्हणून वापरात आला. आता बिनथोरियमच्याही मिळतात. थोरियम किंचित किरणोत्सर्गी आहे. थर शाबूत असताना लेन्स हाताळायला भीती नाही, पण खरवडू नका, फुटलेली लेन्स झाडूने झाडू नका. झिंक सेलेनाइडची भुकटीही विषारी आहे. मशीनमध्ये लेन्स जळून घाण वास आला तर मशीन बंद, दारं उघडी, सगळे बाहेर. नंतर हातमोजे आणि मास्क घालून तुकडे बंद डब्यात गोळा करायचे आणि सप्लायरला परत द्यायचे. आमच्याकडे एका मुलाने तुकडे उघड्या हाताने उचलले होते. मी त्या दिवशी फार घाबरलो होतो.

कळवा_लोकल · १० जुलै

हे सगळ्यांनी वाचावं म्हणून धागा वर आणतोय.

रबाळेकर · १९ जुलै

काका, तुमच्या पायांना हात लावायला यायचंय. ऑटो ड्रेन गंजाने जाम झाला होता. खालचा कॉक उघडला तर ताकासारखं पांढरं, तेल मिसळलेलं पाणी भसाभस आलं. दोन बादल्या. फिल्टर काळाकुट्ट. म्हणजे एमएस कापताना आम्हीच काचेवर तेल-पाण्याचा फवारा मारत होतो. आणि बहुतेक कव्हर ग्लास बदलताना हेडमधला काचेचा ड्रॉवर उघडा ठेवायचो तेव्हा तीच वाफ वर फोकस लेन्सपर्यंत जात असणार.

ड्रेन बदलला, फिल्टर बदलले, हेडचं पाणी मॅन्युअलच्या मर्यादेत २८ वर नेलं, काचा शेडमधल्या हवाबंद डब्यात जेलसोबत ठेवल्या. भिंतीवर आर्द्रतेचं घड्याळ लावलं. हेडमधला ड्रॉवर काढला की ती फट लगेच टेपने बंद करायची, असा नियम केला. साधीच कव्हर ग्लास आज पाचव्या दिवशी चालू आहे, आणि बाहेर धो धो पाऊस.

तरी मूळ प्रश्न राहिलाच: महाग कोटिंग घेऊ की नको?

चिलर_भाऊ · १९ जुलै

आता कशाला घेता? पाच दिवस चालतेय ना!

थर_मोजणारा · २० जुलै

भाऊ, ही कव्हर ग्लासची गोष्ट झाली. तिचा मृत्यू बहुतेक वेळा खालून उडणाऱ्या ठिणग्यांनी होतो. ठिणगीला कोटिंग घट्ट आहे की सैल याच्याशी देणंघेणं नाही. ती वापरून फेकायची वस्तू आहे, साधी घ्या. फोकस लेन्स आणि कोलिमेटर (किरण समांतर करणारी लेन्स) बंद हेडमध्ये वर्षानुवर्षं राहतात. चार-पाच पावसाळे त्यांच्या थरात ओलावा जा-ये करणार. तिथे घट्ट कोटिंगचे पैसे द्या असं माझं स्पष्ट मत आहे.

निवृत्त_पदार्थवैज्ञानिक · २० जुलै

थर_मोजणारा यांच्याशी सहमत. फक्त 'मॉइश्चर रेझिस्टंट' या शब्दावर पैसे देऊ नका, कागद मागा. शोषण किती पीपीएम, कोणत्या तरंगलांबीला, आणि ते आयएसओ ११५५१ प्रमाणे मोजलंय का. थर कोणत्या रीतीने बसवलाय. आर्द्रतेची चाचणी झालीय का: सुमारे ४९ डिग्री, ९५ टक्क्यांच्या वर आर्द्रता, २४ तास, आणि नंतर चिकटपट्टी लावून ओढून पाहणं. शोषण या चाचणीच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही मिळालं तर सर्वांत उत्तम. विकणाऱ्याला ही उत्तरं देता येत नसतील तर अडीचपट भाव कशाचा?

रबाळेकर · २३ ऑगस्ट

सप्लायरला काकांची यादी जशीच्या तशी पाठवली. पहिल्याने 'असं कुणी विचारत नाही' म्हणून फोन ठेवला. दुसऱ्याने तीन दिवसांनी बॅचचा रिपोर्ट पाठवला: आयन बीम स्पटरिंग, शोषणाचा आकडा, आर्द्रतेची चाचणी, सगळं. भाव दुपटीच्या थोडा आत बसला. फोकस लेन्स त्याची घेतली. कव्हर ग्लास साध्याच.

महिना झाला. १० एमएम एसएसवर सकाळी लावलेला फोकस संध्याकाळपर्यंत हलत नाही. खालची कड बोट फिरवून पाहिली, बर नाही. ऑपरेटर पोरगा खूश आहे. कोलिमेटर अजून जुनाच आहे.

पावणे_युनिट · २३ ऑगस्ट

दुसऱ्या सप्लायरचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आमच्याकडे या आठवड्यात तीन काचा गेल्या. ड्रेन उघडून बघितला, कोरडा आहे. चिलर २३ वर आहे.

चिलर_भाऊ · २३ ऑगस्ट

पावणे, नंबर नंतर. सोमवारी सकाळी साडेसहाला तुमच्या शेडमध्ये येतो. पहिली पाळी सुरू करायच्या आधी हेडला हात लावू नका, मला ते रात्री जसं होतं तसंच बघायचंय.